हिंचक्यावरचं इंजिन

परात! अहो, माझी परात! आईनं रुखवतात मांडलेली, पितळी, भरली की एकटीला उचलत नाही एवढी मोठी, वर्षातून एकदा कानबाईच्या रोटाचं पीठ मळायला काढायची म्हणून जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवलेली परात... आणि मी शाळेतून घरी येते तर ती हॉलच्या मधोमध, आणि तिच्यात काय? पिस्टन! चार पिस्टन, डिझेलमध्ये भिजत घातलेले! मटकी भिजत घालतात ना, तसे! मी जी किंचाळले ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली असणार, आणि आमच्या ह्यांनी काय करावं? चष्मा नाकावर सरकवला, तोही काळ्या बोटानं, आणि म्हणाले, "ओरडतेस काय, वर्षा? घरचं तर काम आहे. घरच्या घरी होऊन जाईल!"

घरच्या घरी होऊन जाईल! तुम्हाला सांगते, हे शब्द ज्या बाईच्या कानावर पडतील तिनं पर्स उचलावी आणि त्याच पावली माहेरी निघून जावं. मी नाही गेले. शाळेत मुलांची चाचणी परीक्षा चालू होती, पेपर तपासायचे होते, आणि खरं सांगू का, मला वाटलं, पुढचे दोन बोल्ट निघणार नाहीत, बोट चेमटेल, आणि मुकाट्यानं झाकून ठेवतील. कशाचं काय!

आता तुम्ही म्हणाल, तुमचे मिस्टर मेकॅनिक आहेत का? छे हो! कॅशियर! सहकारी बँकेत कॅशियर! नोटा मोजणारा माणूस! घरातला बल्ब गेला तर आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, "कोणी जाणकार आहे का?" आमच्या घरात स्क्रू-ड्रायव्हर होता तो कशासाठी, तर घट्ट बसलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटायला. आणि हा माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून इंजिन खोलायला बसला! व्हिडिओतला तो माणूस बोलायचा पंजाबी, ह्यांना पंजाबी येत नाही, पण मान मात्र अशी डोलवायचे की जणू त्याच गावात शिकले... आणि मध्येच मला हाक, "वर्षा, 'कस्स दे' म्हणजे काय गं?" मी मराठीची शिक्षिका! मला काय विचारता!

बरं, गाडी कुठली? नवी, देखणी, असं काही डोळ्यांपुढे आणू नका. सासऱ्यांची पिकअप. आमच्या तात्यांची. शिरपूरकडून सुरतेला आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, मग ही गाडी घेतली आणि जन्मभर कडोदऱ्याच्या लूमवरून कापडाचे ताके भरायचे आणि मार्केटला आणून टाकायचे. तात्या गेले तेव्हापासून गाडी दारात उभी. एका बाजूचा आरसा नाही, दुसऱ्या बाजूचं दार दोरीनं बांधलेलं, आणि चालू केलीच तर एवढा धूर की आमच्या अख्ख्या कतारगामला वाटावं डासांची फवारणी आली. भंगारवाला हप्त्याला एकदा चक्कर मारायचा आणि सासूबाई, आमच्या शोभाबाई, दारातूनच त्याला हुसकायच्या. रोज सकाळी त्या गाडीची काच पुसायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, चालत नाही ती, कशाला पुसता?" तर म्हणाल्या, "माणूस आजारी शे म्हनीसन त्यानं तोंड धुवानं नही का?"  मलाही जरा वाईट वाटलंच.

पण ह्या वर्षी कानबाई आमच्याकडे. देशावरच्यांना सांगते, कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी लोकांची देवी. श्रावणात रविवारी बसते, नारळाची, नथ घालून, डोळे लावून, रात्रभर गाणी, फुगड्या, आणि सोमवारी वाजतगाजत नदीला. सगळे भाऊबंद एका घरी येतात आणि तिचा नैवेद्य, म्हणजे रोट, एकत्र जेवतात. तर भाऊबंदांची बैठक बसली, कोणाच्या गाडीतून न्यायची तापीवर असा विषय निघाला, आणि सासूबाई ताठ उभ्या राहिल्या, "कानबाई आपलीच गाडीमा जाई!" लोटूकाका, म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ, मोठ्यानं हसले. "वहिनी, ती गाडी गल्लीच्या बाहेर तरी जाई का?" झालं! सासूबाईंचं नाक लाल. भर बैठकीत म्हणाल्या, "सोमवारी चालनी नही, तर मंगळवारी मी सोता भंगारवालाले बलावसू!"  आणि तेवढ्यात आमचे कॅशियरसाहेब उठून काय बोलले असतील, तुम्हीच सांगा! हां, तेच. "आई, काळजी नको. घरच्या घरी होऊन जाईल!"

आता इंजिन काढायचं म्हणजे उचलायचं कशानं? तर आमच्याकडे पुढच्या ओट्यावर हिंचका, म्हणजे झोपाळा आहे. सुरतेत घराला एक वेळ खिडकी नसेल, पण हिंचका असतो! सासूबाई रोज संध्याकाळी त्यावर बसून लसूण सोलायच्या. तर ह्यांनी हिंचका काढला, कडीला भाड्याची साखळी-कप्पी अडकवली, पिकअप तोंडानं आत घातली आणि इंजिन वर ओढलं. खरंच निघालं हो! सगळी गल्ली जमली, टाळ्या वाजल्या. आणि मग ते तिथेच राहिलं. लटकत. दाराच्या समोर. दूधवाला आला, वाकून गेला. माझी मुख्याध्यापिका कामासाठी आली, तिनं बघितलं, काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही उद्या रजा घेतली तरी चालेल."

आणि आमचे शेजारी हसमुखभाई! सज्जन माणूस, हिऱ्याच्या कारखान्यात अख्खी हयात गेलेली, पण हिंचका दिसला की पाय थांबत नाही. चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचे आणि सवयीनं, बोलता बोलता, पायाच्या अंगठ्यानं इंजिनाला झोका द्यायचे! इंजिन आपलं... किर्र... इकडून तिकडे... किर्र... आणि त्याखाली आमचे हे पाठीवर झोपून बोल्ट सोडताहेत! मी म्हटलं, "हसमुखभाई, पग लई लो!" पाय काढा म्हणून, तर दचकून म्हणतात, "अरे सॉरी वर्षाबेन, आदत पडी गई छे!" आणि दोन मिनिटांनी पुन्हा... किर्र...

बरं, नुसते झोके देतील तर हसमुखभाई कसले! खिशातून काढली ती हिरे बघायची काच, डोळ्याला लावली, आणि पिस्टन उचलून उजेडात धरला. आम्ही सगळे श्वास रोखून. हे म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर उभे असल्यासारखे. हसमुखभाईंनी पिस्टन फिरवला, हुंकार दिला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "आमां जीरम छे." जीरम म्हणजे हिऱ्याच्या पोटातला डाग. मी म्हटलं, "मग काय करायचं?" "काय नाय करायचा. एनो भाव ओछो आवशे." भाव कमी येईल म्हणे! अहो, विकायचाय का आम्हाला तो? अंगठीत बसवायचाय?

आणि लोटूकाकांनी तरी का मागे राहावं! ते जन्मभर लूमवर जॉबर, म्हणजे लूम बिघडलं की दुरुस्त करणारे. ते आले हातोडी घेऊनच, आणि ह्यांना म्हणाले, "हे बघ गोपाल, लूम काय आणि इंजिन काय, दोघं जातीनं सारखीच. प्रेमानं ऐकत नाहीत." आणि ठण्ण! मी आत पेपर तपासतेय, 'माझा आवडता प्राणी' निबंध, आणि बाहेर ठण्ण! एका मुलाला दहापैकी सात द्यायचे ते मी सतरा दिले. बिचारा गुणपत्रिका घेऊन घरी गेला आणि त्याची आई विचारायला आली. तिलाही मी इंजिन दाखवलं, म्हटलं, हे बघा, ह्यामुळे.

मग पाऊस लागला. ओट्यावर पाणी. तर सगळे भाग आले आत. हॉलमध्ये! सोफ्यावर सायलेन्सर, टीव्हीखाली रेडिएटर, आणि जमिनीवर... हे मात्र मानलं पाहिजे, कॅशियर तो कॅशियर! खडूनं चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात एकेक भाग, ज्या सिलिंडरचा त्याच्याच रांगेत, वॉल्व्ह, स्प्रिंग, बेअरिंग, बँकेत नोटांची बंडलं लावावीत तसं सगळं लावलेलं. मला बजावून सांगितलं, "वर्षा, ह्यातलं एक जरी इकडचं तिकडे झालं तर सगळं संपलं. दिसायला सारखे असतात, पण जो जिथे झिजलाय तो तिथेच बसला पाहिजे." मी म्हटलं, "म्हणजे संसारासारखंच." हसले नाहीत. पुसायला फडकं मागितलं. आता गंमत बघा, सुरतेत तुम्हाला जगातलं हवं ते कापड मिळेल, साडी मिळेल, लेहंगा मिळेल, जरतार मिळेल, पण तेल पुसायला एक सुती चिंधी मिळणार नाही! सगळं पॉलिस्टर! माझ्या जुन्या साड्या दिल्या, तर तेल पुसलं जाईना, नुसतं पसरलं. हॉलभर. शेवटी माझा एकुलता एक सुती गाऊन गेला. घरच्या घरी होऊन गेला!

असं करता करता कानबाई उंबरठ्याशी आली. शनिवारी हे सकाळीच गॅस्केट आणायला बाहेर पडले, मी शाळेत. घरात सासूबाई एकट्या. आणि आता ऐका. कानबाई बसायच्या आधी आमच्यात घर कसं धुऊन काढतात ठाऊक आहे ना? भिंती रंगवतात, चादरी धुतात, डबे, भांडी, घागरी, वाटी-चमचा सुद्धा, सगळं बाहेर काढून घासतात. घरात मळकी म्हणून वस्तू राहता कामा नये. सासूबाईंनी नऊवारी खोचली, चिंच भिजवली, राख घेतली...

हो. सगळं. सगळ्ळं घासलं!

मी घरी आले तर गच्चीवर जाऊन बघा काय ते! वाळत घातलेलं इंजिन! चकचकीत! असं लखलखतंय की बघवेना. आणि लावलं कसं? लहानांपासून मोठ्यांपर्यंत! डबे लावतात तसं! सगळे वॉल्व्ह एकत्र, सगळ्या स्प्रिंगा एका डब्यात, बेअरिंगच्या वाट्या एकीत एक घालून ठेवलेल्या, आणि प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट! खाली खडूचे चौकोन? पुसले! आणि त्या जागी रांगोळी!

हे आले. गच्चीवर गेले. मी जिन्यात उभी राहून कानात बोटं घातली. पण ओरडा आलाच नाही हो! आला तो नुसता बारीक, रडकुंडीला आलेला सूर, "आई... ह्याचा क्रम होता गं..." आणि सासूबाई पदरानं घाम पुसत, थकलेल्या पण खूश, "मंग? मी बी क्रममाच लायेल शे ना! धाकलं, त्यानामांगे मोठं!"  ह्या वयाची बाई, दिवसभर कमरेत वाकून नवऱ्याच्या गाडीचं हाडन् हाड घासत बसलेली. हे खाली बसले तिथेच. मला पहिल्यांदा त्यांची दया आली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या. भंगारवाल्याला..." तर माझ्याकडे बघितलं, एक स्प्रिंग उचलली आणि दाबलेल्या आवाजात म्हणाले, "गप्प. तिला ऐकू जाईल. घरच्या घरी होऊन जाईल." ह्या वेळी मात्र मी हसले नाही.

जोडलं. कसं जोडलं ते विचारू नका. कुठला वॉल्व्ह कुठला, हे देवीलाच माहीत, तिचंच कुंकू होतं त्यावर. हसमुखभाई काच लावून बेअरिंगच्या जोड्या जुळवत होते, लोटूकाका न बसणारं बसवत होते, ठण्ण! रविवारी दुपारी इंजिन एकदाचं गाडीत गेलं, हिंचका कडीला परत आला, आत कानबाई बसली, रोटाच्या पुरणपोळ्या झाल्या, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी झाली. परात मी स्वतः घासली, किती वेळा ते विचारू नका, तरी पहिला घास घेताच लोटूकाका थबकले, वास घेतला, आणि म्हणाले, "वहिनी, तात्याची आठवण झाली." मी खाली मान घालून वाढत राहिले.

आणि रोटाचा नियम काय, की काही उरता कामा नये. घरच्यांनीच संपवायचं. जेवणं झाली तशा सासूबाई आल्या, "काही उरनं तं नही ना?" आणि आमच्या ह्यांचा हात एकदम खिशाकडे! मी बघितलं ना! नंतर ती पँट धुताना खिशातून काय निघालं? एक चकती, दोन बोल्ट, आणि एक दात्यांचं चाक! चाक! कुंकू लावलेलं! मी विचारलं, "हे काय?" तर म्हणतात, "कंपनी जास्तीचं घालते." हो का? कंपनी काय मसालेवाली आहे, पाकिटासोबत वाटी फुकट द्यायला?

सोमवार. गाडी झेंडूच्या माळांनी सजलेली, दोरीच्या दाराला सुद्धा जरीची झालर. मागे पाटावर कानबाई, नथ घालून. पुढे सासूबाई, हिरवं लुगडं नेसून, तात्यांच्या शेजारी बसायच्या त्याच जागेवर. बँजोपार्टी सुरू. गल्ली भरलेली. हसमुखभाई सहकुटुंब ओट्यावर. ह्यांनी चावी फिरवली.

खट्ट.

पुन्हा फिरवली. खट्ट. लोटूकाकांनी बॉनेट उघडून ठण्ण केलं. खट्ट सुद्धा नाही!  आता आमच्यात एकदा कानबाई उठवली की परत खाली ठेवत नाहीत, घरात तर नाहीच नाही. आणि गाडी बदलायची म्हणजे भर गल्लीत सासूबाईंना खाली उतरवायचं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. लोटूकाका माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. आणि तुम्हाला सांगते, ज्या माणसानं भर बैठकीत त्या गाडीची टिंगल केली होती, त्यानं हातोडी खाली ठेवली, टोपी सरळ केली, गाडीच्या मागे गेला आणि भाऊबंदांना बारीक आवाजात म्हणाला, "या रे. नाचत नाचत लोटा. कोणाला कळायला नको."

निघाली हो गाडी! मिरवणुकीचा वेग तो काय, पायी चालायचाच! बँजो एवढा मोठा की स्वतःचं बोलणं ऐकू येईना, मग इंजिन कोणाला ऐकू येणार? मागे आमचे सगळे पुरुष एक हात वर करून नाचताहेत आणि दुसऱ्या हातानं ढकलताहेत, गुलालात घाम, आणि हे आत स्टेअरिंग धरून, मधूनच उगाच गिअर बदलताहेत! कॅशियर! हिशोब पूर्ण दिसला पाहिजे! तापीच्या ओवाऱ्याकडे, म्हणजे घाटाकडे, उतार लागला तशी गाडी आपसूक धावायला लागली, बँजोवाले वाजवत वाजवत पुढे पळताहेत, मागचे "अरे धरा, धरा!" आणि सासूबाई खिडकीतून हात बाहेर काढून ओरडताहेत, "कानबाई माय की... जय!" हँडब्रेक ओढला, गाडी पाण्याच्या अलीकडे थांबली. कोणी म्हणेल ठरवून आणली.

पोचवलं देवीला. सगळ्यांचे डोळे पाणावलेले. हे पायरीवर एकटे बसलेले, मी शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "आईला सांगतो खरं. तिनं शब्द दिलाय." तेवढ्यात सासूबाई आल्या. हे उभे राहिले, "आई, गाडी..." सासूबाईंनी थांबवलं. गाडीच्या काचेवरचा गुलाल पदरानं पुसला आणि काय म्हणाल्या माहीत आहे? "चांगली चालनी रे! तुना बाप बी अशीच चालाडे. तो आत बठे, न मी मांगून ढकलू."

 जन्मभर! आणि आम्हाला वाटायचं, तात्या कडोदऱ्याहून ताके आणतात! लोटूकाका दुसरीकडे तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसत होते, म्हणे गुलाल गेला. आणि मग भाऊबंदांसमोर मोठ्यानं म्हणाले, "चालली! मी पाहिली! भंगाराचं नाव काढायचं नाही!"

गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? कोणत्याही सरळ घरात संपली असती. पण घरी पोचतो तो हसमुखभाई ओट्यावर वाट बघत उभे. धावत आले, ह्यांचे दोन्ही हात धरले. "गोपालभाई! शुं इंजिन बनाव्युं छे! अवाज ज नथी! धुमाडो य नथी! इलेक्ट्रिक करावी के शुं?" आवाज नाही, धूर नाही म्हणे! आता खरं सांगावं तर सासूबाईंचा शब्द जातो. ह्यांनी नुसती मान डोलावली.  आणि हसमुखभाई म्हणाले, "मारी जूनी व्हॅन पण करी आपो ने!" त्यांची जुनी व्हॅनही करून हवी! मी डोळ्यांनी खुणावतेय, नको, मानेनं खुणावतेय, नको, पाय दाबला, चिमटा काढला... आणि ह्यांची छाती हळूहळू फुगायला लागली, चष्मा नाकावर सरकला...

असो. तुम्ही उभे का? बसा ना. नाही नाही, सोफ्यावर नको, तिथे त्यांचा सायलेन्सर आहे. हिंचक्यावर? हिंचका कुठला आता! पाट घ्या. चहा टाकते, पण पोळ्या मात्र मागू नका... परातीत हसमुखभाईंचे पिस्टन भिजताहेत.